सायकलची चेन सटकायची, त्यावर सापडलेला उपाय

जुळे सोलापुरातून रोज सायकलने कामाला जातो. वाटेत विजापूर रोडला कंबर तलावावर दहा मिनिटं थांबून पक्षी बघायचे, हा माझा जिवाभावाचा छंद. पण दोन महिने चढाला जोर दिला की चेन खटकन सटकायची आणि पॅडल रिकामं फिरायचं. मागून रिक्षावाल्याचा हॉर्न, हात काळे, आणि तलावावर थांबायला वेळच उरायचा नाही. फार जीव तुटायचा.

दुकानात तीनदा गिअर सेट करून घेतले. फरक शून्य.

शेवटी घरची स्टीलची फूटपट्टी चेनला लावली. एका पिनच्या मध्यापासून, तीच पहिली धरून, मोजलं तर नव्या चेनमध्ये पंचविसाव्या पिनचा मध्य बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिमीवर येतो. माझा आला 308 वर! चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण खरं तर आतल्या पिना आणि त्यांची बसायची जागा झिजते. आपल्याकडची धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. मी वरून भसाभसा तेल ओतायचो, तेच चुकत होतं.

दीड मिमी वाढ दिसली तेव्हाच बदलली असती तर नुसत्या चेनवर भागलं असतं. आता फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातही खाल्ले गेले होते, दोन्ही बदलावं लागलं.

आता दर रविवारी चेन फडक्याने पुसतो, प्रत्येक रोलरवर एकच थेंब तेल, आणि बाहेरचं तेल पुन्हा पुसून काढतो. काल सकाळी तलावावर टिबुकली बुडी मारून कुठे वर येते, ते निवांत बघत उभा होतो.