काट्यावर डर्बी बसवण्याआधी

दसरा झाला की धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये भुईकाट्याचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचंय, म्हणून हे लिहून ठेवतोय. जावा, प्रिंटर, काट्याची केबल, यूपीएस हे आठवतंच.

आधी डेटाबेसचा पत्ता. डर्बी म्हणजे जावाच्या प्रोग्रॅममध्येच चालणारा डेटाबेस; पावत्या तिच्यातच साठतात. ती कुठल्या फोल्डरात राहणार ते सांगणारं डर्बी.सिस्टिम.होम हे जावाच्या कमांडमध्येच द्या, -डी लावून, ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण. कोडमध्ये नको. मी गेल्या हंगामात मेनच्या, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या भागाच्या, अगदी पहिल्या ओळीत दिला होता आणि निर्धास्त होतो. पण त्याच क्लासात वर एक स्टॅटिक कनेक्शन बसलेलं, आणि स्टॅटिक मेनच्या आधी चालतं! जेडीबीसी (जावाची डेटाबेसशी बोलायची पद्धत) ४ पासून, म्हणजे २००६ च्या जावा ६ पासून, ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी जोडून देणारा कोड, हाताने लोड करावा लागत नाही; जारमधल्या मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरात त्याचं नाव असलं की ड्रायव्हर मॅनेजर स्वतःच उचलतो. जुन्या डर्बीत तेवढ्यानेच इंजिन उठायचं. नवी डर्बी पहिलं कनेक्शन मागेपर्यंत थांबते, पण कुणी जुन्या सवयीने क्लास.फॉरनेम, म्हणजे ड्रायव्हर हाताने लोड करायची ओळ, लिहून ठेवलं असेल तर तीही थांबत नाही. इंजिन उठल्यावर दिलेला पत्ता वाया. मग प्रोग्रॅम ज्या फोल्डरातून सुरू झाला, तेच तिचं घर.

महिनाभर शॉर्टकटवरून सगळं नीट चाललं. एका पहाटे लाइट जाऊन आली, प्रोग्रॅम आपोआप सुरू झाला तो दुसऱ्याच फोल्डरातून. कनेक्शनच्या यूआरएलला क्रिएट=ट्रू (डेटाबेस नसेल तर नवा बनव) होतंच; डर्बीने मुकाट कोरा डेटाबेस करून दिला. बाहेर कपाशीच्या ट्रॉल्यांची रांग आणि पावतीवर नंबर १. काटेवाला फोनवर, "भो, कालच्या पावत्या कुठे गेल्या?" पावत्या जुन्या फोल्डरात सुखरूप होत्या, पण ते कळेपर्यंत दुपार झाली.

म्हणून पुन्हा सांगतो, पत्ता कमांडमध्ये. शॉर्टकटच्या कमांडमध्येही आणि आपोआप सुरू होणाऱ्या कमांडमध्येही, दोन्हीकडे तोच. डर्बी.लॉग ही डर्बीच्या नोंदींची फाइल कुठे उगवते ते बघा. भलतीकडे दिसली तर पत्ता लागलेला नाही. पहिल्यांदा डेटाबेस बनला की क्रिएट=ट्रू काढून टाका, म्हणजे चुकलं तर निदान एरर तरी येईल.

बाकी, डर्बी बंद करताना एक्सजे०१५ हा कोड येतो, तो एरर नव्हे, नीट बंद झाल्याची पावती. डीबी.एलसीके ही डेटाबेसच्या कुलपाची फाइल हाताने उडवू नका, आधी दुसरा जावा चालू आहे का बघा. बॅकअप डर्बीच्या प्रोसिजरने, चालू फोल्डर कॉपी करून नव्हे. निघण्याआधी मशीन बंद करून चालू करा, पावतीचा नंबर बघा. आणि पत्ता कमांडमध्ये आहे ना?