फोटोग्राफर ठरवताना अख्खं लग्न बघा

ताईच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा त्यात आईचा एकही धड फोटो नव्हता. तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न ठरलं की फोटोग्राफर शोधायचं काम माझ्या गळ्यात पडतं.

इन्स्टाग्रामवरच्या निवडक २० फोटोंवर भुलू नका. तेवढे तर कुणाचेही चांगले निघतात. एकाच लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे फोटो मागा. मी आधी रात्रीचे, हॉलमधले उघडते. पिवळे दिवे आणि स्टेजवरचे जांभळे एलईडी एकत्र आले की खरी परीक्षा. चेहरा माणसाचा वाटतो की कावीळ झाल्यासारखा? फ्लॅश थेट तोंडावर मारला असेल तर कपाळ चकाकतं आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते. छताकडे वळवून मारला की उजेड मऊ पसरतो. नवरा-नवरीचं सोडा, मागे उभी असलेली माणसं बघा.

मग विचारा, प्रत्यक्ष येणार कोण? काम दाखवतो एक आणि पाठवतो दुसऱ्यालाच, असं आमच्याकडे झालंय. नाव करारातच लिहून घ्या. कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवतो का, हेही विचारा. कार्ड कधीही दगा देतं. या प्रश्नावर जो चिडतो, त्याला मी तिथेच नमस्कार करते.

फोटो किती, कधी मिळणार, रद्द झाल्यास आगाऊ रकमेचं काय, हे कागदावर हवंच.

आणि हो, कुणाकुणाचे फोटो हवेतच याची यादी आदल्या दिवशी त्याच्या हातात द्या. माझ्या यादीत पहिलं नाव आईचं असतं.