हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक अन् त्यावरचं हेड म्हणजे झाकण, यांच्यामधलं सील) गेलं अन् वॉरंटी नाकारली, माझा अनुभव

गगनबावड्याचा घाट चढताना गाडी गरम झाली, सायलेन्सरमधनं गोडसर वासाचा पांढरा धूर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रोज कमी पण खाली एक थेंब नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले बाहेर ऑईल बदललंय, वॉरंटी गेली. अहो पण मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं ऑईल, त्याचा गॅस्केटशी काय संबंध? मी त्यांना इंजिन खोलू दिलं नाही, खोललं की पुरावा जातो. उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडनं कॉम्प्रेशन टेस्ट केली, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं प्रेशर पडलेलं, म्हणजे मधे गॅस्केट फुटलंय, ते लेखी घेतलं, ऑईलची बिलं जोडली आणि नकार लेखी द्या म्हणून मेल टाकला. उत्तरच नाही. मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली तेव्हा कुठं हलले, गॅस्केट, हेड फेसिंग (हेडची खालची बाजू सपाट करणं) वॉरंटीत झालं, कूलंटचे पैसे तेवढे घेतले.