काजूच्या कारखान्यात एचआर: पहिल्या वर्षी काय चुकलं, काय जमलं

एमबीए झाल्यावर पहिली नोकरी मिळाली ती वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात. टॅलेंट मॅनेजमेंटच्या पेपरात मला चांगले मार्क होते. इथे बॉयलर, कटिंग, बोरमा (गर वाळवायची भट्टी), सोलणी, प्रतवारी, आणि बहुतेक कामगार बायका.

पहिल्याच महिन्यात शहाणपणा केला. कटिंगला रोजच्या किलोंचा तक्ता लावला; आठवड्याला सर्वात जास्त किलो काढील तिला बक्षीस. किलो वाढले, मालक खूश. पण प्रतवारीच्या टेबलावर पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकड्यांचे ढीग साचले. डब्ल्यू-३२० ही काजूची ग्रेड, म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. भाव अख्ख्याला, तुकड्याला नाही. कटिंगवरच्या एक काकी हसून म्हणाल्या, "बाय गो, घाई केल्यार गर फुटतलोच."

तक्ता अन्यायाचाही होता. वेंगुर्ला-७ या काजूच्या जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, वेंगुर्ला-४ ची त्याहून बरीच लहान. तेवढ्याच बिया फोडून एकीचे किलो जास्त भरायचे. मग बक्षीस अख्ख्या गराच्या प्रमाणावर ठेवलं, तेही एकाच लॉटमधल्या बायकांची आपसात तुलना करून. नव्याने रुजू होणाऱ्यांनी आधी एवढंच विचारावं: इथे मोजतात काय, आणि विकलं जातं काय?

दुसरा फटका प्रतवारीत बसला. नजरेने ग्रेड ओळखणारी एकच मावशी, आणि ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. भरलेले ट्रे तसेच पडून राहिले. तेव्हा कुठे स्किल मॅट्रिक्स आठवलं: उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत कामं, चौकटीत कोणाला काय किती येतं त्याचे ० ते ४ गुण. कागदावर ते तासाभरात झालं. शिकवायला मात्र कोणी तयार होईना. मला वाटलं, कला राखून ठेवतात. खरं कारण साधं होतं: किलोवर मजुरी घेणारी बाई दुसरीला शिकवत बसली तर तिचाच रोज बुडतो. शिकवण्याच्या दिवसांना ठरावीक रोज द्या, हे मालकांच्या गळी उतरवायला दोन महिने गेले. अप्रेझलचे फॉर्म मी त्या वर्षी भरलेही नाहीत, आणि काही अडलं नाही. गणपतीत निम्मी माणसं रजेवर असताना प्रतवारी मात्र चालू राहिली, कारण आता तिथे तिघी तयार होत्या.

उशिराचे लाल शेरे मात्र कमी होईनात. मी समज देऊन पाहिली, नोटीस लावली. एक दिवस स्कूटी पंक्चर झाली म्हणून एसटीने गेले. लाल शेरेवाल्या सगळ्या त्याच गाडीत, आणि गाडी फाट्यावर पोचली तेव्हा पाळी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. त्या दिवशी रजिस्टरात माझ्याही नावापुढे लाल शेरा पडला.