जुना साथी समोर उभा ठाकतो तेव्हा: सुपरहिरोंच्या कथेत या चुका टाळा

काळ पुढचा, शहर बिघडलेलं, सत्ता एकाच माणसाच्या मुठीत. त्याला आव्हान द्यायला सुपरहिरोंची टीम निघाली आहे, आणि मुठीतली सत्ता न सोडणारा तो माणूस एकेकाळी याच टीममध्ये होता. डोक्यात असतो तोवर हा प्रसंग झकास असतो. कागदावर उतरला की बहुतेक वेळा त्याची नुसती हाणामारी होते.

नवख्या लेखकांच्या कथा वाचून शेरे लिहून देण्याचं काम मी करते, त्यामुळे हा प्रसंग माझ्याकडे वारंवार येतो. माझी स्वतःची पहिली कथाही अशीच होती. अकरा पानांची झुंज लिहिली आणि मोठ्या कौतुकानं धाकट्या भावाला वाचायला दिली. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, हा यांचा मित्र होता हे तू सांगितलंस म्हणून कळलं."

तेव्हापासून मी एकच तपासणी आधी करते. त्या माजी साथीदाराचं नाव खोडायचं आणि तिथे कुणीही अनोळखी खलनायक बसवायचा. संवाद, मारामारी, शेवट जवळपास तसंच चाललं, तर प्रसंग नादुरुस्त आहे. पुढच्या चुका म्हणजे तो कुठे नादुरुस्त असतो त्या जागा.

त्याच्या मेंदूवर कुणीतरी ताबा मिळवला होता

सगळ्यात सोपी पळवाट. मानेत चिप बसवली होती, विषाणू सोडला होता, दुसऱ्या मितीतून कुणी त्याला चालवत होतं. चिप उपटली की मित्र परत, गळाभेट, संपलं. यात त्याचा दोष उरत नाही, आणि टीमचा तर मुळीच नाही. मग वाचकानं कशाची काळजी करायची? "सत्तेची हाव सुटली" हे कारणही याच जातीचं. हाव रातोरात सुटत नाही, आणि सुटत असताना बाकीचे चौघं काय करत होते, हा प्रश्न उरतोच.

फुटीचं कारण असं हवं की टीममधल्या निदान एकाला तेव्हा ते पटलं होतं. मार्क ग्रुएनवाल्ड यांनी १९८५-८६ मध्ये मार्व्हलसाठी 'स्क्वाड्रन सुप्रीम' ही बारा अंकांची कॉमिक मालिका लिहिली. त्यात सुपरहिरो ठरवतात की आपणच वर्षभर देशाचा कारभार हातात घ्यायचा आणि भूक, गुन्हेगारी, शस्त्रं सगळं निकालात काढायचं. नाइटहॉक नावाचा साथीदार हे मान्य न होऊन बाहेर पडतो आणि पुढे त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. म्हणजे इथे माजी साथीदाराचीच बाजू खरी वाटते, पण टीमही दुष्ट नाही. गुन्हेगारांचा स्वभाव बदलणारं एक यंत्र ते लोकांच्या भल्यासाठी बनवतात. मग त्यांच्यातलाच गोल्डन आर्चर तेच यंत्र लेडी लार्कवर वापरतो, कारण तिचं आपल्यावरचं प्रेम आटू नये असं त्याला वाटतं. मोठ्या तत्त्वाला कीड लागली ती अशा खाजगी जागी.

दुरुस्तीसाठी एक काम करा. फूट पडली त्या दिवसाची बैठक पूर्ण लिहून काढा. कथेत घेऊ नका, फक्त स्वतःसाठी लिहा. माझ्या कथेत ती अशी झाली: दुष्काळाचं चौथं वर्ष, टाक्यांमधलं पाणी निम्म्या शहराला पुरेल इतकंच. पुढे टीमसमोर उभा ठाकणारा तो माजी साथीदार म्हणजे सोहम, त्याची शक्ती पाण्यावर चालते. तो म्हणाला, यादी करू, कामाच्या माणसांना आधी. दत्ता त्याच्या बाजूनं होता, इरा आणि जान्हवी विरोधात. रेवा काहीच बोलली नाही. तिचं गप्प बसणं सोहमनं होकार धरलं. जान्हवी पुढे त्या यादीपायीच गेली.

ही बैठक माझ्या कथेत एका ओळीनंही नाही. पण ती लिहिल्यावर सोहमच्या तोंडचा एकूण एक संवाद बदलला, आणि रेवाचाही.

बिघडलेलं शहर नुसतं पडद्यासारखं मागे टांगलेलं

सतत पाऊस, धूर, निऑन दिवे, आकाशात ड्रोन. छान. पण यातलं काय माणसाला सकाळी सहा वाजता छळतं? अशा बिघडलेल्या कल्पित जगाला 'डिस्टोपिया' म्हणतात. त्याच्याशी नातं सांगणारा शब्द इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश संसदेत सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला होता. त्यांचा रोख असा की हे जे काही तुम्हाला हवंय ते इतकं वाईट आहे की अमलातच येणार नाही. कथेत मात्र नेमकं उलटं हवं. तुमचं वाईट शहर व्यवस्थित चालायला हवं. नळ वेळेवर सुटतो, रांग शिस्तीत सरकते, कुणी ओरडत नाही. भीती त्या शिस्तीची वाटते.

एकच नियम निवडा आणि तो एका माणसावर चालवून दाखवा. नळाच्या यंत्रावर बोट टेकवायचं, ठसा जुळला तर पाणी. रांगेत एक म्हातारी आहे. आयुष्यभर भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. ती अंगठा लुगड्याला पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा पुसते. मागचे लोक काही बोलत नाहीत, फक्त आपापल्या बादल्या जरा पुढे सरकवतात. एवढ्यावर थांबा. हा नियम तुमच्या जुन्या मित्रानं केलेला आहे, हे वाचकाला आता सांगितलं तरी पुरतं.

कमी जागेत किती सांगता येतं याचा माझा आवडता नमुना म्हणजे 'अनकॅनी एक्स-मेन'च्या १४१ व्या अंकाचं मुखपृष्ठ, जानेवारी १९८१. क्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांच्या त्या कथेतलं भविष्य २०१३ सालचं आहे (आता तेही मागे पडलं). चित्रात दोघं भिंतीला पाठ लावून उभे आहेत आणि मागे एक पोस्टर. त्यावर जुन्या साथीदारांचे चेहरे, आणि चेहऱ्यांवर आडव्या पट्ट्या: हा मारला गेला, ही पकडली गेली. अंक उघडायच्या आधीच वाचकाला सगळा हिशेब कळलेला असतो. तुमच्या हस्तलिखितात "त्या महायुद्धानंतर जगाची पुनर्रचना झाली" असं सुरू होणारं दीड पान असेल, तर त्याऐवजी भिंतीवर एक कागद चिकटवता येतो का बघा.

पाच जण आणि राग एकच

"गद्दार!" दत्ता ओरडला. "तू आम्हाला फसवलंस!" इरा ओरडली. मग मिहिर ओरडला. तिघांच्या तोंडी एकच वाक्य वाटून दिलंय.

जितके सदस्य तितकी नाती. दत्तानं त्या दिवशी सोहमला पाठिंबा दिला होता, आता त्यालाच पकडायला आलाय, त्यामुळे त्याचा आवाज सगळ्यात चढा लागतो. इराला राग आहे, पण तो जान्हवी गेली याचा. मिहिर नंतर आलेला पोरगा, त्यानं सोहमला कधी पाहिलेलंच नाही. लहानपणी त्याच्या खोलीत सोहमचं चित्र होतं. अशा एका नवख्याला टीममध्ये ठेवाच, कारण त्याच्यासमोर बाकीच्यांना जुन्या गोष्टी बोलणं भाग पडतं.

आणि एक जण असा हवा की ज्याला लढायचंच नाही. महाभारतात युद्ध सुरू व्हायच्या ऐन क्षणी युधिष्ठिर कवच उतरवतो, शस्त्रं खाली ठेवतो आणि पायी चालत शत्रूच्या सैन्यात शिरतो. भीष्म, द्रोण, कृप, शल्य यांच्यासमोर एकेक करून उभा राहतो आणि लढायची परवानगी मागतो. मागे भाऊ घाबरलेत, कौरवांना वाटतंय हा शरण आला. अठरा दिवसांच्या युद्धातला एकही बाण अजून सुटलेला नाही आणि तरी छाती दडपते. तुमच्या टीममधला युधिष्ठिर कोण, हे ठरवल्याशिवाय पहिला ठोसा लिहू नका.

ओळख झुंजीत उतरतच नाही

सगळ्यात जास्त कथा इथे मार खातात. दहा वर्षं एकत्र राहिलेली माणसं एकमेकांशी अशी लढतात की जणू काल भेटली. तो आग फेकतो, ही ढाल उभी करते, भिंत कोसळते. शक्तींची वजाबाकी.

जुन्या साथीदाराला तुमची दुखरी नस माहीत असते, आणि तुम्हाला त्याची. फ्रँक मिलर यांच्या १९८६ च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये म्हातारा झालेला बॅटमॅन सरकारच्या बाजूनं आलेल्या सुपरमॅनसमोर उभा राहतो. त्याची सगळी तयारी जुन्या ओळखीतून आलेली आहे. निर्णायक बाण सोडतो तो एक हात गमावलेला ग्रीन ॲरो, प्रत्यंचा दातांनी ओढून. त्याचं सुपरमॅनशी आपलं वेगळं देणंघेणं आहे, आणि ते त्या ओढलेल्या दोरीत दिसतं.

पण कमजोरी माहीत असणं ही ओळखीची पहिलीच पायरी झाली. माझ्या कथेचा दुसरा खर्डा तिथेच अडकला होता. रेवा एका जुन्या स्फोटात डाव्या कानानं बहिरी झाली आहे. सोहमला हे ठाऊक, म्हणून तो डावीकडून हल्ला करतो. बरं होतं, पण असं कुठलाही हुशार शत्रू करेल. फाइल वाचली की झालं. नाव खोडायच्या तपासणीत ते नापास.

मग मी ओळख उलट्या बाजूनं धरली. दहा वर्षं सोहम रेवाच्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि तिला ऐकू न आलेलं तिच्या कानी घालायचा. आता टाकीच्या गच्चीवर ते समोरासमोर आहेत. वारा आहे, पाण्याचा आवाज आहे. तो बोलत बोलत सरकतो आणि नकळत तिच्या डावीकडे येऊन थांबतो. तिची ढाल समोर आणि उजवीकडे उभी आहे, डावी बाजू उघडी. तिथे ढाल लावायची सवयच तिला कधी लागली नाही. खालून इरा काहीतरी ओरडते.

"इरा म्हणतेय, मागे हो," सोहम म्हणाला.

रेवा मागे झाली. एक क्षण गेला. मग दोघांनाही कळलं की आत्ता काय झालं.

हे लिहिल्यावर मी अकरा पानांतली सात पानं काढून टाकली. तुमच्या झुंजीत असा एक क्षण शोधा: शत्रू झालेला माणूस सवयीनं मित्रासारखा वागून जातो. बहुतेकदा तो मोठ्या शक्तीत सापडत नाही, उभं राहण्याच्या जागेत, हाक मारण्याच्या पद्धतीत, अर्धवट सोडलेल्या वाक्यात सापडतो.

मग तो भाषण करतो

"तुम्हाला काय वाटलं, मला हे आवडतं? हे शहर मी वाचवलं..." आणि पुढे पावणेदोन पानं. टीम तोवर शांतपणे ऐकत उभी. प्रत्यक्षात जुनी माणसं भांडताना मुद्दा मांडतच नाहीत, त्यांना एकमेकांचे मुद्दे पाठ असतात. ती थेट दुसऱ्या टोकाचं बोलतात. सोहमच्या सगळ्या भाषणाऐवजी माझ्याकडे एक वाक्य उरलं: "तू नाही म्हणाली असतीस, तर मी थांबलो असतो." हे खरं आहे का, हे रेवालाही माहीत नाही. वाचकाला तर नाहीच.

मध्येच घुसणारे जुने दिवसही याच कुळातले. तलवार उगारली आणि तीन पानं भूतकाळात गेलो, परत आलो तर तलवार अजून हवेतच. आठवण हवीच असेल तर वस्तूत ठेवा.

किरकोळ, पण नडणाऱ्या

वीस वर्षं पुढे गेलात तर तिशीतली रेवा पन्नाशीची झाली. तिचे गुडघे दुखतात का? इराचा वेग तोच आहे? एका कागदावर प्रत्येकाचं वय लिहून ठेवा.

ऐनवेळी नवी शक्ती उपजू देऊ नका. आणि एवढी नजर ठेवणाऱ्या शहरात टीम मुख्यालयापर्यंत पोचली कशी, याचं उत्तर "मिहिरनं सिस्टिम हॅक केली" यापेक्षा बरं शोधा. सोहमनं येऊ दिलं, हे उत्तर मला नेहमी जास्त आवडतं.

शेवटी तो कड्यावरून पडतो

किंवा स्वतःच्याच यंत्रात सापडतो, किंवा मरता मरता माफी मागतो. लेखकाची सुटका होते, कारण कुणालाच काही ठरवावं लागत नाही. शेवट निघायचा तर सुरुवातीतून निघावा. पीटर डेव्हिड आणि जॉर्ज पेरेझ यांच्या १९९२ च्या 'फ्यूचर इम्परफेक्ट'मध्ये हल्कची गाठ पडते ती त्याच्याच भविष्यातल्या रूपाशी, मायस्ट्रो नावाच्या हुकूमशहाशी. ताकदीत तो भारी आहे, त्यामुळे ठोशांनी काही होत नाही. हल्क त्याला कालयंत्रातून पाठवतो ते थेट त्या गामा बॉम्बच्या स्फोटाच्या जागी, जिथून हल्कचा जन्म झाला. उत्तर कथेच्या मुळाशीच पडलेलं होतं.

शिवाय खलनायक गेला तरी शहर उरतं, हे विसरू नका. हुकूमशहा पडतो, लोक रस्त्यावर नाचतात, पडदा. उद्या सकाळी सहाला नळ कोण सोडणार? यादी फाडली तरी पाणी निम्म्याच शहरापुरतं आहे. सोहम चुकला होता हे मान्य, पण गणित त्यानं खोटं सांगितलं नव्हतं.

माझा शेवट मी चार वेळा बदलला. आता तो पंपघरात आहे. सोहमचे हात बांधलेले, दत्ता दाराशी, बाहेर अजून अंधार. रेवा व्हॉल्व्हच्या रांगेसमोर वही घेऊन उभी आहे आणि तिला यातलं काही कळत नाही. सोहम उठतो, तिच्या डावीकडे जायला लागतो, आणि थांबतो. मग वळसा घालून उजवीकडे येतो.

"तीन नंबर आधी," तो म्हणतो. "मग एक. उलटं केलंस तर पाइप फुटेल."

ती लिहून घेते.