डीकन आणि गॉस्पेल गायकाचा जीवनवृत्तांत कसा लिहावा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बाप्टिस्ट पंथाच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) आजाऱ्यांना भेटणे, प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या, वेळी पाळकाला साहाय्य करणे आणि उपासनेच्या प्रारंभी प्रार्थना चालवणे ही डीकनची कामे असतात. असा सेवक गॉस्पेल, म्हणजे चर्चमधील भक्तिगीते, गाणाराही असेल, तर त्याच्या अंत्योपासनेच्या पत्रिकेसाठी लिहिताना जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि आप्तेष्ट यांची नोंद थोडक्यात करावी व विस्तार त्याच्या गाण्यासाठी राखावा. तो जुनी स्तोत्रे एकेक ओळ सांगून मंडळीकडून म्हणवून घेत असे का, कोणत्या स्वरात सुरुवात करी, साथीला ऑर्गन कोण वाजवी, हे त्याच्यासोबत गायलेल्या वृद्धांना प्रत्यक्ष भेटून विचारावे, कारण अशा गोष्टी मंडळीच्या दप्तरात क्वचितच सापडतात. दुःखाचे प्रसंग वगळणे मला अन्यायाचे वाटते. शिकागोचे गॉस्पेल गीतकार थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये पत्नी आणि नवजात मुलगा गमावल्यानंतरच आपले सर्वांत प्रसिद्ध गीत रचले, आणि हे ठाऊक नसेल तर त्या गीताचे मोल अर्धेच कळते. मसुदा पत्रिकेत छापण्यापूर्वी कुटुंबातील ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि नावे व नाती त्यांच्याकडून तपासून घ्यावीत.