दृक्प्रत्ययवादी शैलीत युद्धकाळातील सैनिक रंगवताना

दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) शैलीत तपशिलापेक्षा प्रकाश आणि रंग यांचा क्षणिक ठसा टिपला जातो. या शैलीच्या अभ्यासासाठी पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या हिवाळ्यात, फ्रान्समधील व्हर्दँच्या रणभूमीकडे निघालेले फ्रेंच पायदळ हा विषय निवडावा. १९१४ मध्ये लाल विजारी घालून लढाईत उतरलेल्या या सैन्याला १९१५ पासून फिकट करडा-निळा गणवेश मिळू लागला, आणि धुक्यात आभाळाशी एकरूप होणारा हा निळा दृक्प्रत्ययवादी चित्रकाराला फार मोलाचा आहे.

प्रथम कॅनव्हासवर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) हात द्यावा, कारण कोऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर करड्या छटांचा अंदाज चुकतो. संदर्भासाठी त्या काळची छायाचित्रे घेतल्यास ती डोळे किलकिले करून पाहावीत, म्हणजे बटणे आणि पट्टे नाहीसे होऊन तुकडीचा एकच गडद आकार उरतो. तो आकार रुंद, राठ केसांच्या ब्रशने आधी मांडावा. सैनिक त्यातून नंतर वेगळे करावेत, तेही पुढचे तीन-चारच.

खरी कसोटी ओव्हरकोटाची आहे. उजेडाच्या बाजूला कोबाल्ट ब्ल्यू, पांढरा आणि किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) वापरावा. सावलीसाठी नळीतला काळा न घेता अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना यांचे मिश्रण करावे. खालच्या घेरावर चिखलाचा तपकिरी रंग ओल्या निळ्यातच ओढावा, म्हणजे कापड भिजून जड झाल्याचे जाणवते. लोखंडी शिरस्त्राणाला एकच फिकट फटकारा पुरतो. मागच्या रांगांच्या कडा धुक्यात विरू द्याव्यात.

चेहरे तपशिलाने रंगवण्याचा मोह टाळावा, कारण थकवा चालीतून अधिक दिसतो. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट पूर्णार्थाने दृक्प्रत्ययवादी नव्हते, तरी त्यांचे १९१९ मधील ‘गॅस्ड’ हे सुमारे सहा मीटर रुंद चित्र या दृष्टीने अवश्य अभ्यासावे. विषारी वायूने दृष्टी गेलेले, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले सैनिक तेथे पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतात, आणि त्यांतील एकाने वाजवीपेक्षा उंच उचललेला पाय त्याचे आंधळेपण सांगून जातो. रंगांच्या खेळात ही माणसे निव्वळ शोभेची होऊ नयेत, याची मला विशेष काळजी वाटते. युद्ध या चित्रकारांनाही परके नव्हते; या शैलीच्या पहिल्या पिढीतील चित्रकार फ्रेदेरिक बाझीय स्वतः १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात मारले गेले होते.

वरच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण खालच्या थरांपेक्षा अधिक ठेवावे, अन्यथा पुढे भेगा पडतात. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, रंग पूर्ण वाळल्याची खात्री करूनच लावावे.